शांत गावकरी लढतील, पण तलवारीने नाही

भाऊ, तुमचा आक्षेप असा, की अद्भुतकथेतली मुंगीलाही न दुखावणारी शेतकरी जमात दीड महिन्यात सैन्य झाली, की कथा खोटी वाटते. खोटी वाटते हे खरं, पण ती हातातल्या तलवारीमुळे, लढण्यामुळे नव्हे.

तलवार आणि धनुष्य अंगात मुरायला वर्षं जातात. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३६३ मध्ये सणाच्या दिवशी तिरंदाजीचा सराव सक्तीचा केला, तो त्यासाठीच. आठ-नऊ फुटी बांबूचा भाला धरून खांद्याला खांदा लावून उभं राहणं मात्र दीड महिन्यात जमतं. फसतं ते पुढे. बाजूने घोडेस्वार आले की नवखी रांग फुटते, आणि खरी कत्तल पळणाऱ्यांची होते. त्यामुळे गावकऱ्यांच्या पाठीशी आणि बगलेला काय आहे, हे लेखकाने आधी ठरवावं. बोहेमियातले (आजचा चेक प्रदेश) हुसाइट, म्हणजे धर्मसुधारक यान हुसला मानणारे शेतकरी, सेनापती यान झिझ्काच्या हाताखाली असेच लढले. गाड्या साखळीने जोडून त्यांनी तट केला, धान्य झोडायच्या दांड्यांना लोखंडी खिळे ठोकले. १४२० मध्ये सुदोमेर्जला तळ्याच्या बांधाचा आडोसा घेऊन त्यांनी संख्येने कितीतरी जास्त चिलखती स्वार थोपवले.

आपली बैलबंडीही त्या कामाला येईल. बैल तेवढे सोडून दूर बांधा, बिथरले तर तटच ओढून नेतील. ज्वारीची राखण करणाऱ्या पोराचा गोफणीचा नेम आधीच बसलेला असतो, दगड लिंबाएवढा पुरतो. पण गोफण फिरवायला दोन्हीकडे वावभर जागा लागते. भालेकऱ्यांच्या गर्दीत उभा केला, तर पहिलं डोकं आपल्याच माणसाचं फुटेल.

राहिला स्वभाव. आपल्या विदर्भात धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सख्खे भाऊ काठ्या काढतात, तेव्हा शेतकऱ्याला राग येतच नाही असं धरू नका. अनोळखी माणसाचा जीव घेताना त्याचा हात अडखळेल. ते अडखळणं लिहा, आणि त्यापायी शेजारचा माणूस मरू द्या. इथे लेखकाने हात आखडला, की मग कथेत सगळंच सोपं होतं.

आणि लढाई केव्हा? दसऱ्यानंतर ठेवली तर कापूस कोण वेचणार? उन्हाळ्यात ठेवा, शेतं रिकामी असतात. मेअखेरच्या नवतपात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चिलखत घातलेला माणूस दुपारपर्यंत टिकायचा नाही, म्हणून गावाने भाल्यांच्या आधी विहिरींवर पहारा बसवावा.