काळे पतंग आणि चिकटवलेले फोटो

कारखान्यांच्या काजळीने इंग्लंडमधली झाडे काळवंडली, त्यावर उठून दिसणारे पांढुरके पतंग (रात्री उडणारे कीटक) पक्ष्यांनी टिपले आणि लपून राहणारे काळे वाढले, ही उत्क्रांतीची गाजलेली गोष्ट. ती थोतांड आहे, असा एक संदेश फिरत असतो. त्यातले मुद्दे तीन: मेलेले पतंग खोडाला चिकटवून फोटो काढले, खरे पतंग खोडावर बसतच नाहीत, आणि शेवटी पतंग तो पतंगच राहिला.

पुस्तकांतले काही फोटो मांडून काढलेले होते, हे खरे. काळा आणि पांढुरका पतंग एकाच खोडावर शेजारी येऊन बसायची वाट कोण पाहणार? पण निष्कर्ष फोटोंवरून काढलेलाच नाही. ब्रिटिश कीटकतज्ज्ञ बर्नार्ड केटलवेल यांनी 1953 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात खुणा केलेले जिवंत पतंग सोडले. सापळ्यांत 447 काळ्यांपैकी 123 परत आले, 137 पांढुरक्यांपैकी 18. डॉर्सेटच्या दगडफुलांनी माखलेल्या रानात 1955 मध्ये चित्र उलटे: 473 काळ्यांपैकी 30, 496 पांढुरक्यांपैकी 62.

दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. केटलवेल दिवसा, दाटीवाटीने, खोडांवर पतंग सोडत. हा आक्षेप खुद्द जीवशास्त्रज्ञांनीच घेतला होता. केंब्रिजच्या मायकेल मॅजेरस यांनी झाडांवर चढून 135 पतंग कुठे विसावलेत ते पाहिले: 52 टक्के फांद्यांवर, 35 टक्के खोडांवर, उरलेले डहाळ्यांवर. म्हणजे 'बसतच नाहीत' हे चूक. मग 2001 ते 2007 या काळात 4,864 पतंग फांद्यांभोवतीच्या जाळीत संध्याकाळी सोडले. जागा पतंगांनीच निवडायची. पहाटे जाळी काढायची, सूर्योदयानंतर चार तासांनी कोण गायब ते मोजायचे. पक्ष्यांना ते खाताना पाहिलेही. काळ्यांची जगण्याची शक्यता दिवसाला सुमारे 9 टक्क्यांनी कमी निघाली, आणि त्या परिसरातले काळ्यांचे प्रमाण त्याच काळात 12 वरून 1 टक्क्यावर आले.

संदेशात जनुकाचा उल्लेखच नाही. काळ्या पतंगाच्या 'कॉर्टेक्स' जनुकात सुमारे 22,000 अक्षरांचा 'उडता', म्हणजे जागा बदलू शकणारा, डीएनए तुकडा घुसलेला आहे, हे 2016 मध्ये सापडले. ही घटना एकदाच, 1819च्या आसपास घडली असावी. मँचेस्टरमधली काळ्या पतंगाची पहिली नोंद 1848ची.

पतंगाचा बेडूक होईल, असे कुणी म्हटलेच नव्हते. बदलले ते जनुकांचे प्रमाण. काळेपणा प्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक काळी असली तरी पुरते. म्हणून धुराच्या काळात तो झपाट्याने पसरला. 1895 मध्ये मँचेस्टरला 98 टक्के पतंग काळे होते. हार्डी-वाइनबर्गच्या, म्हणजे जनुकांच्या प्रमाणावरून जोड्या काढायच्या, हिशेबाने त्यातला दर चौथा पोटात पांढुरक्या रंगाची एक प्रत लपवून होता. 1956च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर पांढुरके परतले, त्यांच्यासाठी नवा बदल घडावा लागला नाही.