अभिनयच नाही, मग बघायचं काय?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात जुंपली होती. एक मराठी सिनेमा आठवड्यात थिएटरातून उतरला. मामेभावाचं म्हणणं, मल्टिप्लेक्सवाल्यांनी सकाळी साडेदहाचे खेळ देऊन तो मारला. आत्याने तो सांगलीत साडेदहाच्याच खेळाला पाहिला होता आणि तिचा निकाल तयार होता: "कुणी अभिनयच करत नाही गं त्यात. नुसते येतात, बोलतात, जातात." मग कुणीतरी माझ्याकडे चेंडू टोलवला: "तू फ्रान्समध्ये आहेस, तुमच्याकडे असलंच चालतं ना?"

चालत नाही. इथेही लोकांना शनिवारी संध्याकाळी कॉमेडीच लागते. पण आत्याच्या वाक्याने मला हसू आलं, कारण इथला एक दिग्दर्शक हीच तक्रार ऐकण्यासाठी चाळीस वर्षं झटला. रॉबेर ब्रेसाँ. १९४३ ते १९८३ या काळात त्याने फक्त तेरा चित्रपट केले, आणि दुसऱ्या चित्रपटानंतर नावाजलेल्या नटनट्यांना दारातूनच नमस्कार केला. त्या दुसऱ्या चित्रपटात मारिया काझारेससारखी जबरदस्त नटी होती आणि दोघांचं अजिबात जमलं नाही. पुढे त्याने विद्यार्थी घेतले, ओळखीपाळखीतली माणसं घेतली, चेहरा बरा वाटला म्हणून घेतली. त्यांना तो नट म्हणत नसे, 'मॉडेल' म्हणे. मूळचा चित्रकार, त्यामुळे शब्द तिथूनच आला असावा. एकच वाक्य तो त्यांच्याकडून डझनांनी टेक घेऊन म्हणवून घेई. वाक्यातला सगळा 'भाव' झिजून जाईपर्यंत आणि माणूस पाढे म्हणावेत तसं ते म्हणेपर्यंत. मग तो टेक ठेवायचा.

हे आपल्याकडे सांगितलं तर लोक म्हणतील, तालीम उलटी का करतो हा माणूस?

मी मूळची सांगलीची. विष्णुदास भाव्यांचं गाव, नाट्यपंढरी वगैरे. आमच्या घरात १८४३ हे साल पाठ्यपुस्तकातलं नाही, घरातलं आहे. पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो हे मला दिवाळीच्या तारखेआधी माहीत होतं. बाबा बँकेत होते आणि राज्य नाट्य स्पर्धेत पंचवीसेक वर्षं रंगभूषा करून उभे राहिले. आमच्याकडे सिनेमाचं कौतुकही नाटकाच्या मापाने व्हायचं. "काय काम केलंय!" म्हणजे डोळे भरून आलेत, आवाज फाटलाय, ओठ थरथरतायत. या पार्श्वभूमीवर लिऑंला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी ब्रेसाँचा 'पिकपॉकेट' पाहिला आणि अर्ध्यात झोपले. खोटं कशाला सांगू? नायक चोरी करतो तेव्हाही त्याचा चेहरा रेशनच्या रांगेत उभ्या माणसासारखा. मला वाटलं, हे फ्रेंच लोकांचं काहीतरी थोतांड आहे.

मत बदललं ते एका तुरुंगामुळे.

लिऑंच्या पार्द्यू स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मोंल्युकचा तुरुंग आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो ताब्यात घेतला. त्यांच्याविरुद्धच्या प्रतिकार चळवळीचा नेता ज्याँ मूलाँ याला इथे ठेवलं होतं, एप्रिल १९४४ मध्ये इझियू गावातल्या ज्यू मुलांना पकडून आधी इथेच आणलं होतं. नंतर तो साधा तुरुंग म्हणून २००९ पर्यंत चालू राहिला आणि २०१० पासून स्मारक आहे. याच तुरुंगातून ऑगस्ट १९४३ मध्ये आंद्रे देविन्यी नावाचा प्रतिकार चळवळीतला अधिकारी निसटला. मृत्युदंड ठरलेला होता. त्याने पुढे ती हकीकत लिहिली आणि ब्रेसाँने १९५६ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. काही भाग याच तुरुंगात चित्रित केला, देविन्यीला सल्लागार म्हणून बाजूला उभं करून. चित्रपटाचं नावच शेवट सांगून टाकतं: 'अं काँदाने आ मॉर सेतेशापे', म्हणजे मृत्युदंड झालेला एक जण निसटला. सुरुवातीला ब्रेसाँचं एक निवेदन येतं: ही गोष्ट खरी आहे, ती आहे तशी, काही नटवानटवी न करता देतो आहे. ब्रेसाँ स्वतः जर्मनांच्या कैदेत वर्षभराहून जास्त राहिला होता, हे मला नंतर कळलं.

पहिला प्रसंग असा. मोटारीत मागच्या सीटवर तीन कैदी. कडेला बसलेल्या नायकाचा हात हळूच दाराच्या कडीकडे जातो. ट्राम आडवी येते, मोटार मंदावते, तो उडी टाकतो. आपल्या कुठल्याही दिग्दर्शकाने कॅमेरा त्याच्यामागे धावत पाठवला असता. ब्रेसाँ मोटारीतच बसून राहतो. दार उघडं, सीट रिकामी, शेजारचे दोघे समोर बघतायत. बाहेर धावपळ, गोळ्या. थोड्या वेळाने त्याला आणून परत त्याच जागी बसवतात. पाठलाग आपण पाहिलेलाच नाही. आणि मला अजून आठवतं, ती रिकामी सीट पाहताना माझ्या पोटात गोळा आला होता.

पुढचा दीड तास म्हणजे बहुतेक हातच. चमचा दगडावर घासून त्याची पटाशी करणारे. दाराच्या फळ्या ओकच्या, पण त्यांच्या सांध्यातलं लाकूड मऊ आहे हे बोटांनी ओळखणारे. भुसा गोळा करून लपवणारे. पलंगाच्या जाळीची तार काढून तिच्याभोवती कापडाच्या चिंध्या पिळणारे. नायकाचं काम करणारा फ्रान्स्वा लतेरिए तेव्हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नाही, आशा नाही, काहीच नाही. आणि नेमकं म्हणूनच त्याच्या बोटांकडे बघावं लागतं. चेहऱ्याने सगळं सांगून टाकलं असतं तर बोटांकडे बघायला फुरसत कुणाला होती?

आणि आवाज. तुरुंगाचा बराचसा भाग आपल्याला दिसत नाही, ऐकू येतो. किल्ल्यांचा जुडगा कठड्यावरून खरवडत जातो. बाहेरच्या दोन भिंतींमधून पहारेकरी सायकल फिरवतो, ती करकरते. छपरावरच्या खड्यांत पाय वाजू नयेत म्हणून आगगाडी जाताना एकेक पाऊल टाकायचं. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. मोत्सार्टच्या 'मास'चे, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनासंगीताचे काही तुकडे, तेही मोजके. ब्रेसाँने १९७५ मध्ये छोट्या टिपणांचं एक पुस्तक काढलं, त्यातला एक मुद्दा कायम हाच: जिथे आवाजाने काम होतं तिथे चित्र काढून टाका. बहुतेक चित्रपटांत त्याने कॅमेऱ्याला पन्नास मिलीमीटरचं एकच भिंग वापरलं. आपल्या नजरेच्या सगळ्यात जवळचं म्हणून.

तीन वर्षांपूर्वी बाबा उन्हाळ्यात इथे आले. फ्रेंच त्यांना 'बोंजूर'पुरतं. गल्लीच्या टोकाला साठेक खुर्च्यांचं छोटं थिएटर आहे, तिथे हा चित्रपट लागला तेव्हा मी त्यांना घेऊन गेले. सबटायटल नव्हतं, त्यामुळे मी अधूनमधून कानात कुजबुजायचे ठरवलं होतं. दहा मिनिटांनी त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. शेवटी भिंत ओलांडून दोघे बाहेर पडतात आणि नायकाबरोबरचा कोवळा पोरगा म्हणतो, "आई आत्ता मला बघत असती तर!" एवढंच मी सांगितलं. बाबा बाहेर येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला स्पर्धेत पहिल्या फेरीत काढला असता." थोडं चालल्यावर, "पण चमच्याला बक्षीस दिलं असतं."

आमचं त्यावर भांडणही झालं. बाबांचं म्हणणं, हा दिग्दर्शक माणसांना चमच्यासारखं वापरतो. चूक नाही त्यात. 'ओ आझार बाल्ताझार' या १९६६ च्या चित्रपटात गाढव मुख्य पात्र आहे आणि त्या गाढवाइतकंच अलिप्त काम तो माणसांकडून करून घेतो. त्यात काम केलेल्या अन व्हियाझेम्स्कीने चाळीस वर्षांनी आत्मकथनात्मक कादंबरी लिहिली. तिच्यातला ब्रेसाँ तेव्हा अठरा वर्षांच्या असलेल्या त्या मुलीवर मालकी हक्क सांगणारा, तिला कुणात मिसळू न देणारा म्हातारा आहे. पडद्यावरचा साधेपणा संताला साजेसा असला म्हणून करणारा संत ठरत नाही. इथल्या चित्रपटवेड्या मंडळींत त्याच्याविषयी बोलताना आवाज खाली जातो, उदबत्ती तेवढी लावायची बाकी असते. ते मला आवडत नाही.

आता घरच्या वादाकडे. 'हे परदेशी खूळ' असं कुणी म्हणालं की मला पुण्याची आठवण येते. ब्रेसाँ आपल्याकडे आला तो पुण्यातूनच, प्रभातच्या जुन्या आवारातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून. तिथून बाहेर पडलेले कुमार शहानी पॅरिसला शिकायला आले आणि १९६९ च्या 'युन फाम दूस'वर ब्रेसाँचे साहाय्यक होते. मणी कौलांनी त्याच सुमारास 'उसकी रोटी' केला: नवऱ्याची भाकरी घेऊन बस थांब्यावर वाट बघत उभी असलेली बाई, आणि वाट बघणं हाच चित्रपट. पैसे सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचे. तेव्हाही ओरड झाली की जनतेच्या पैशाने कुणालाच न कळणारे सिनेमे कशाला. नंतर खुद्द सत्यजित रायांनीही या दोघांच्या कामावर कडक लिहिलं. म्हणजे आत्याचा आक्षेप पन्नास वर्षं जुना आणि प्रतिष्ठित आहे.

फ्रान्समध्ये हा वाद मिटलाय असं समजू नका. इथे प्रत्येक तिकिटातला साधारण १०.७ टक्के हिस्सा कर म्हणून सिनेमाच्या सरकारी केंद्राकडे जातो, अमेरिकन मारधाडपटाच्या तिकिटातलाही. त्यातून चित्रपटांना पैसे मिळतात, आमच्या गल्लीतल्या साठ खुर्च्यांनाही मदत होते. तरी ब्रेसाँला 'लान्सलो द्यु लाक'साठी सुमारे वीस वर्षं थांबावं लागलं, बायबलच्या उत्पत्तीवरचा चित्रपट तर झालाच नाही. १९८३ मध्ये कान महोत्सवात ऐंशी ओलांडलेला ब्रेसाँ 'लार्जां'साठी पारितोषिक घ्यायला मंचावर आला तेव्हा टाळ्यांबरोबर हुर्यो झाली. पारितोषिक रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीबरोबर विभागून, देणारे अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, आणि सभागृहातून शिट्ट्या! या देशाने त्याच्यावर प्रेम केलं असं मी म्हणणार नाही. प्रेम नसतानाही त्याला जागा ठेवली, एवढंच.

आपण मात्र जागेचा वाद खेळाच्या वेळेवर आणून ठेवतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ, मग ढील देत दुपारी बारा ते रात्री नऊ. मी त्याच्या विरोधात नाही, मामेभावाचं साडेदहाचं दुःख खरं आहे. पण त्याच महिन्यात 'कोर्ट' प्रदर्शित झाला होता. चैतन्य ताम्हाणेचा, व्हेनिसहून पारितोषिकं घेऊन आलेला, त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवलेला. त्यात शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार नट नव्हते, कार्यकर्ते होते. कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. सुटी लागते, न्यायालयाचे दिवे मालवतात, आणि आपण अंधारात बसून राहतो. मी तो लिऑंमध्ये पाहिला. शेजारची फ्रेंच बाई मला विचारत होती, हे खरंच असं असतं का? मला म्हणायचं होतं, बाई, याहून हळू असतं.

नागराज मंजुळेही नवखी पोरं घेतो, पण ते वेगळं. त्याला त्यांच्यातला जिवंतपणा पडद्यावर सांडायला हवा असतो. ब्रेसाँला एक थेंबही सांडायला नको असतो. दोघांना 'नट नसलेली माणसं' या एकाच खान्यात टाकणारी परीक्षणं वाचली की माझी चिडचिड होते. आत्याला 'फँड्री' आवडला होता, हे सांगायला हवं. म्हणजे तिची अडचण नवख्या माणसांची नाही. तिला कुणीतरी तिच्याकडे बघून काही सांगायला हवं असतं. नाटकात तसंच होतं. आणि ब्रेसाँचं भांडण नेमकं त्याच्याशीच होतं: सिनेमा म्हणजे फोटो काढलेलं नाटक नव्हे. त्याच्या लेखी बहुतेक सिनेमे तेच होते. ज्या गावाने मराठीला नाटक दिलं तिथल्या बाईला हे पटवायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन मूर्तिपूजेविरुद्ध व्याख्यान देणं.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की इथेही चालत नाही, पण थिएटरला लागतं. त्यावर मामेभावाने अंगठा दाखवला.

बाबांनी मात्र परत गेल्यावर प्रयोग केला. कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी ते पोरांची एकांकिका बसवतात. त्या वर्षी तिच्यात एक मुलगा बापाची जुनी पत्रं जाळतो असा प्रसंग होता. बाबांनी त्याला महिनाभर बजावलं: रडायचं नाही, चेहरा कोरा, नुसती काडी ओढ, एकेक पत्र धर, हात सांगतील. तालमीत म्हणे सगळे थरारले. प्रयोगाच्या रात्री मांडवात चारशे माणसं, समोर शेवचिवडा, मागे स्पीकरची घरघर. पोराने काडी ओढली, पहिलं पत्र धरलं, चेहरा अगदी कोरा. मांडव गप्प झाला. आणि शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, जरा मोठ्याने!"

फोनवर हे सांगताना बाबांना हसू आवरत नव्हतं.