मनाच्या तक्रारीत शरीराची चौकशी

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. निर्देश स्वागतार्हच आहे. पण मायदेशातील चर्चा आता नेमणुकीपाशीच घुटमळते, आणि विरोधी सूर लावणारे 'ही पिढीच नाजूक' म्हणून मोकळे होतात. दोन्ही बाजूंनी त्रास फक्त मनाचा आहे असे धरून चालले आहे. ब्रिटनमधील विद्यापीठात शिकवताना मला नेमके हेच खटकते.

येथे उदास वाटते म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या विद्यार्थ्याला बहुधा नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरावी लागते. गेल्या दोन आठवड्यांविषयीच्या त्या प्रश्नांपैकी चार झोप, थकवा, भूक आणि हालचालींतील मंदपणा किंवा अस्वस्थता यांविषयी असतात. पुष्कळदा त्यासोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणीही होते, कारण रक्तक्षय किंवा थायरॉइडची कमतरता असली तरी माणूस तसाच थकलेला आणि निरुत्साही दिसतो. भारताच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. विद्यार्थिनींच्या 'अभ्यासात लक्ष लागत नाही' या तक्रारीवर बोलताना हा आकडा कोणी काढत नाही, याचे नवल वाटते.

झोपेचेही तसेच. किशोरवयात शरीराचे घड्याळ पुढे सरकत जाते आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असते. त्यामुळे सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला आळशी ठरवणे हा बऱ्याच अंशी त्याच्यावर अन्याय आहे. जागरणासाठी रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतील कॅफिन पहाटे तीनच्या सुमारासही साधारण निम्मे शरीरात उरते. अपुऱ्या झोपेने चिंता वाढते, चिंतेने वाचलेले डोक्यात राहत नाही, मग गुणांची धास्ती आणि पुन्हा जागरण. स्वतःची किंमत गुणांवरून ठरवण्याची सवय आणि शैक्षणिक कर्जाचे ओझे हे मानसिक घटक खरेच आहेत, पण ते थकलेल्या शरीरावर अधिक जोराने आदळतात.

म्हणून इकडचे सगळे आदर्श मानावे असेही नाही. समुपदेशनासाठी कित्येक आठवडे थांबावे लागते, हिवाळ्यात दिवसाचा उजेड आठ तासांहूनही कमी असतो, आणि स्वतंत्र खोलीत राहणारा मुलगा दोन दिवस जेवला नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. वसतिगृहातील खोलीसोबत्यांची आगाऊ चौकशी अशा वेळी मोलाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित असलेल्या, आठ देशांतील १९ महाविद्यालयांच्या एका पाहणीत प्रथम वर्षाच्या सुमारे ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये आयुष्यात कधी तरी एखाद्या मानसिक विकाराची लक्षणे आढळली होती. तेव्हा नाजूकपणाचा आरोप एकट्या आपल्याच मुलांवर करण्यात अर्थ नाही.

प्रवेशाच्या वेळी मागितला जाणारा वैद्यकीय दाखला बऱ्याच ठिकाणी केवळ सही-शिक्क्यापुरता असतो. त्याच वेळी हिमोग्लोबिन तपासावे, झोपेविषयी चार प्रश्न विचारावेत आणि समुपदेशकाला गरजेनुसार डॉक्टरांकडे पाठवण्याची सोय द्यावी. यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. मात्र सज्ञान विद्यार्थ्याची ही माहिती त्याच्या संमतीवाचून पालकांपर्यंत किंवा विभागप्रमुखांपर्यंत जाणार नाही, हे महाविद्यालयाने आधीच लेखी द्यावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहेच, पण तपासणीची यादी फलकावर लावण्याची आपली हौस पाहता तो लिहून घेतलेला बरा.