तीन ओळींत डेटाबेस तयार, पण कुणाच्या सर्व्हरवर?

डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: "चालू सर्व्हरवर नवा डेटाबेस उभा करायला डीबीएची वाट कशाला बघायची? क्रिएट डेटाबेस, क्रिएट युजर, ग्रँट ऑल. तीन ओळी, पाच मिनिटं. यूटीएफ-८ निवडा, मराठीचा प्रश्न मिटला. नवा डेटाबेस वेगळा असतो, जुन्याला धक्का लागत नाही. बाहेरून जोडायचं असेल तर पोर्ट उघडा आणि पासवर्ड तगडा ठेवा. बॅकअप सर्व्हरवर आधीच लागलेला असतो. आणि हो, शेवटी फ्लश प्रिव्हिलेजेस विसरू नका." खाली अंगठ्यांची रांग. (डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा ॲडमिन; तीन ओळी म्हणजे डेटाबेस बनवणं, त्यासाठी युजर बनवणं आणि त्या युजरला सगळे हक्क देणं.)

स्वतःच्या लॅपटॉपवर कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये हे अगदी खरं आहे. तिथे पाच मिनिटंही लागत नाहीत. पण चालू सर्व्हरवर कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्याच कुठल्यातरी गरजेसाठी सगळी सेटिंग लावून ठेवलेली असतात, आणि क्रिएट डेटाबेस ती मुकाट्याने नव्याच्या पदरात घालतं. तुमच्या तीन ओळींमध्ये ती कुठेच दिसत नाहीत. म्हणून दावा मुद्द्यामुद्द्याने तपासू. उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेस सॉफ्टवेअरची घेतो.

पहिली ओळ, क्रिएट डेटाबेस. पोस्टग्रेसमध्ये ही ओळ कोरा डेटाबेस बनवत नाही, ती टेम्प्लेट१ नावाच्या डेटाबेसची नक्कल काढते. आधीच्या कुणी घाईघाईत चुकीच्या ठिकाणी जोडून त्यात चार टेबलं किंवा एखादं एक्स्टेन्शन (जादा सोय देणारा पूरक भाग) टाकून ठेवलं असेल, तर तेही तुमच्या नव्या डेटाबेसमध्ये येतं. त्या क्षणी दुसरं कुणी टेम्प्लेट१ला जोडलेलं असेल (एखादं मॉनिटरिंगचं साधन हमखास असतं), तर ओळ चालतच नाही. 'सोर्स डेटाबेस इज बीइंग ॲक्सेस्ड बाय अदर युजर्स' असा एरर येतो. स्वच्छ सुरुवात हवी असेल तर टेम्प्लेट० सांगावा लागतो, आणि सर्व्हरच्या मूळ सेटिंगपेक्षा वेगळं एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) किंवा लोकेल (भाषेनुसार क्रमवारीचे नियम) हवं असेल तर तो सांगण्यावाचून गत्यंतर नाही. डेटाबेसचं एन्कोडिंग नंतर बदलता येत नाही; डंप (सगळ्या माहितीची फाइल) काढा, नवा डेटाबेस बनवा, परत भरा. एसक्यूएल सर्व्हरमध्येही नवा डेटाबेस साच्याचीच नक्कल असतो, फक्त साच्याचं नाव मॉडेल. तेव्हा पहिली ओळ टाकण्याआधी साच्यात काय पडलंय ते उघडून बघा.

आता ग्रँट ऑल. सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पोस्टग्रेसमध्ये ग्रँट ऑल ऑन डेटाबेस म्हणजे तीन परवानग्या: जोडणी करणं, तात्पुरती टेबलं बनवणं आणि नवे स्कीमा (टेबलांचे कप्पे) बनवणं. टेबलांवरचा एकही हक्क त्यात नाही. पूर्वी हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, कारण पब्लिक स्कीमात कुणालाही टेबल बनवायची मुभा होती. २०२२मध्ये आलेल्या आवृत्ती १५पासून ती मुभा नव्या डेटाबेसमध्ये नसते. त्यामुळे ग्रुपवरच्या तीन ओळी जशाच्या तशा टाकल्या की ॲपचं पहिलंच मायग्रेशन (टेबलं बनवणारी स्क्रिप्ट) 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' म्हणून आपटतं. मग काय होतं? वैतागलेला माणूस त्या रोलला (पोस्टग्रेसमध्ये युजरला रोल म्हणतात) सुपरयुजर, म्हणजे सगळे हक्क असलेला, करून टाकतो. एरर जातो, पण नव्या ॲपच्या हातात आता सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस असतात. एवढंच नाही, तर कॉपी कमांडच्या प्रोग्राम पर्यायातून ऑपरेटिंग सिस्टिमच्या कमांड चालवायची सोयही असते. एका वेब ॲपमधलं एसक्यूएल इंजेक्शनचं (इनपुटमधून घुसखोराची कमांड चालण्याचं) भोक मग सगळ्या सर्व्हरचं दार होतं.

खरा उपाय तीन ओळींइतकाच छोटा आहे. डेटाबेस बनवतानाच मालक म्हणून मायग्रेशनचा रोल द्या. आवृत्ती १५पासून पब्लिक स्कीमाही डेटाबेसच्या मालकाकडे जातो, त्यामुळे त्याला टेबलं बनवता येतात. रोजच्या वापराला दुसरा रोल ठेवा, ज्याला फक्त वाचणं, भरणं, बदलणं आणि पुसणं एवढंच जमेल. त्याला पुढे बनणाऱ्या टेबलांवरही हक्क मिळावेत म्हणून ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस वापरायचं. इथे मात्र एक खोच आहे: ते टेबल बनवणाऱ्या रोलच्या नावाने लावावं लागतं. ॲडमिनने ते स्वतःच्या नावाने चालवलं आणि टेबलं मायग्रेशनच्या रोलने बनवली, तर काही म्हणजे काही होत नाही, आणि कुठे एररही दिसत नाही.

दुसरी बाजू कुणीच सांगत नाही. पोस्टग्रेसमध्ये रोल अख्ख्या क्लस्टरचे (सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसच्या संचाचे) असतात, एका डेटाबेसचे नव्हेत, आणि नव्या डेटाबेसला जोडायची परवानगी आपोआप सगळ्यांना मिळते. म्हणजे जुन्या रिपोर्टिंगच्या कामासाठी बनवलेला, पासवर्ड अर्ध्या टीमला पाठ असलेला रोलसुद्धा तुमच्या नव्या डेटाबेसमध्ये शिरू शकतो. टेबलांतली माहिती त्याला दिसणार नाही, पण टेबलांची नावं, कॉलम आणि फंक्शनचा कोड कॅटलॉगमधून (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीतून) वाचता येतो. रिव्होक कनेक्ट, फ्रॉम पब्लिक ही (सगळ्यांना मिळालेली जोडायची परवानगी काढून घेणारी) ओळ त्या व्हायरल मजकुरात चौथी असायला हवी होती.

मायएसक्यूएलचा प्रकार वेगळा. तिथे ग्रँटमध्ये डेटाबेसच्या नावातली अधोरेषा, म्हणजे अंडरस्कोर, 'कुठलंही एक अक्षर' म्हणून वाचली जाते. 'एचआर_नवा' या डेटाबेसवर ग्रँट ऑल दिलं, तर 'एचआर२नवा' नावाचा डेटाबेस सर्व्हरवर असल्यास तोही त्यात आला, आणि ऑलमध्ये ड्रॉपही येतो. अधोरेषेच्या आधी बॅकस्लॅश टाकला की प्रश्न मिटतो, पण तो टाकलेला क्वचितच दिसतो. राहिलं फ्लश प्रिव्हिलेजेस, म्हणजे सर्व्हरला परवानग्या पुन्हा वाचायला लावणारी ओळ. ग्रँट किंवा क्रिएट युजर वापरलं असेल तर सर्व्हर बदल लगेच उचलतो. फ्लश लागतं ते परवानग्यांच्या टेबलांत थेट इन्सर्ट-अपडेट केल्यावर, जे मुळात करूच नये. ओळ निरुपद्रवी आहे, म्हणूनच इतकी वर्षं टिकली असावी.

"यूटीएफ-८ निवडा, मराठीचा प्रश्न मिटला." यूटीएफ-८ हे सगळ्या लिप्यांसाठीचं एन्कोडिंग. पण मायएसक्यूएलमधलं जुनं यूटीएफ८ म्हणजे अक्षरामागे जास्तीत जास्त तीन बाइट. देवनागरीचा मुख्य संच नेमका तीन बाइटांत बसतो. त्यामुळे चाचणीत कुणी 'ज्ञानेश्वर' टाइप करून बघतो, नीट साठतं, आणि सगळे निर्धास्त होतात. पुढे कुणी अभिप्रायात इमोजी टाकतो, तो चार बाइटांचा. स्ट्रिक्ट मोड (न बसणारी माहिती नाकारण्याचं सेटिंग) चालू असेल तर एरर येतो, जुन्या सेटिंगमुळे तो बंद असेल तर मजकूर इमोजीपाशी कापला जाऊन साठतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मोडी लिपीही याच पंगतीत: २०१४च्या युनिकोड ७.०मध्ये आलेली तिची अक्षरं चार बाइटांची आहेत. म्हणून निवडायचं ते यूटीएफ८एमबी४. मायएसक्यूएल ८.०मध्ये तेच मूळ सेटिंग आहे, हे बरोबर. पण अनेक आवृत्त्या पार करत आलेल्या सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये लॅटिन१ (युरोपीय लिपीपुरतं जुनं एन्कोडिंग) सांगणारी एखादी जुनी ओळ बसलेली असू शकते, आणि स्पष्ट सांगितलं नाही तर नवा डेटाबेस तीच उचलतो.

डेटाबेस नीट असला तरी जोडणीचं एन्कोडिंग वेगळं ठेवलं, तर अक्षरं दुहेरी एन्कोड होऊन साठतात. लिहिणारा आणि वाचणारा एकच ॲप असल्याने पडद्यावर सगळं ठीक दिसतं. दुसऱ्या साधनाने टेबल उघडलं की बिंग फुटतं, आणि तोवर त्यात भरपूर नोंदी साठलेल्या असतात.

एन्कोडिंग जमलं तरी क्रमवारी उरतेच. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसला आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. सी लोकेल असलेला डेटाबेस बाइटांच्या क्रमाने लावतो, त्यामुळे नावांची यादी कोशाच्या क्रमाशी जुळत नाही. आणखी बारीक गोष्ट 'ऱ्या'ची. 'दऱ्या' हा शब्द नुक्त्याच्या 'ऱ'ने लिहिता येतो, तसाच साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक यांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पोस्टग्रेसच्या नेहमीच्या कोलेशनला (तुलना आणि क्रमवारीच्या नियमांना) मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात: युनिक बंधन (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारं) दोन्ही नोंदी घेतं, आणि शोध एकच दाखवतो. यावर उपाय डेटाबेसच्या निवडीत नाही, मजकूर आत घेतानाच एका रूपात आणावा लागतो.

पोस्टग्रेसचं कोलेशन ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीवर सोडलं असेल, तर २०१८च्या ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८चा धडा लक्षात ठेवावा. त्या आवृत्तीत क्रमवारीचे नियम बदलले, आणि सिस्टिम अपग्रेड केलेल्या सर्व्हरवर मजकुरावरचे जुने इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) चुकीचे ठरले. ते पुन्हा बांधावे लागले. चालू सर्व्हर म्हणजे उद्या अपग्रेड होणारा सर्व्हर. कोलेशन त्या हिशेबाने निवडा.

"नवा डेटाबेस वेगळा असतो." नावापुरता आणि परवानग्यांपुरता. मेमरी, डिस्क, लॉग आणि जोडण्या सगळ्यांच्या एकच. पोस्टग्रेसमध्ये जोडण्यांची मूळ मर्यादा १००, त्यातल्या ३ सुपरयुजरसाठी राखीव. जुनं ॲप ६० वापरतंय आणि नव्या ॲपच्या चार प्रोसेस प्रत्येकी २० जोडण्यांचा पूल (उघडून ठेवलेला साठा) धरून बसल्या, की 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' हा निरोप कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो, बऱ्याचदा जुन्याच ॲपच्या. मर्यादा वाढवायची तर सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, म्हणजे जुन्यालाही खाली घ्यायचं. त्यापेक्षा डेटाबेस बनवतानाच त्याला कनेक्शन लिमिट लावा. मायएसक्यूएलमध्ये हीच मर्यादा युजरवर लावता येते.

डिस्कचं असंच. नव्या डेटाबेसमध्ये जुनी माहिती भरताना मायएसक्यूएल ८.०चा बायनरी लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) तेवढाच फुगतो, आणि मूळ सेटिंगप्रमाणे तो ३० दिवस पडून राहतो. पोस्टग्रेसमध्ये लॉगची डिस्क भरली तर अख्खा क्लस्टर बंद पडतो, नुसता नवा डेटाबेस नव्हे. मेमरी संपून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) नव्या ॲपची जोडणी सांभाळणारी पोस्टग्रेसची एक प्रोसेस मारली, तरी पोस्टग्रेस सावधगिरी म्हणून सगळ्या जोडण्या तोडून रिकव्हरीत जातो. धक्का लागत नाही म्हणणाऱ्यांनी हे एकदा चाचणीच्या मशीनवर करून पाहावं.

पोर्टबद्दल फार लिहायची गरज नाही. ५४३२ (पोस्टग्रेस) किंवा ३३०६ (मायएसक्यूएल) उघडलं की नव्याबरोबर जुने सगळे डेटाबेस त्याच दाराशी येतात. पोस्टग्रेसच्या एचबीए फाइलमध्ये (कुणाला कुठून जोडता येईल ते तिथे ठरतं) 'ऑल ऑल' लिहिलेली ओळ कॉपी करण्याऐवजी डेटाबेसचं नाव, रोलचं नाव आणि ॲप सर्व्हरचा पत्ता लिहा. वरून पहिली जुळणारी ओळच लागू होते, त्यामुळे नवी ओळ कुठे बसवताय तेही बघा. तगडा पासवर्ड हवाच, पण तो शेवटचा अडसर आहे, पहिला नाही.

शेवटी बॅकअप. "आधीच लागलेला असतो" हे वाक्य वाचलं की मी पहिल्यांदा क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी) स्क्रिप्ट उघडायला सांगतो. पीजी_डंप हे पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन एका वेळी एकच डेटाबेस घेतं, आणि बहुतेक स्क्रिप्टमध्ये त्याचं नाव हाताने लिहिलेलं असतं. तुमचा नवा त्यात नसतो, आणि स्क्रिप्ट रोज रात्री 'यशस्वी' म्हणून मेल पाठवत राहते. संपूर्ण क्लस्टरचा बेस बॅकअप (सगळ्या फाइलींची नक्कल) असेल तर त्यात नवा येतो, हे खरं. पण दुपारी तीनला नव्या ॲपने एक टेबल उडवलं आणि तुम्हाला पावणेतीनची स्थिती हवी असेल, तर मागे नेता येतो तो अख्खा क्लस्टर. जुन्या ॲपचे लोक त्याला कशाला तयार होतील? मग वेगळ्या मशीनवर सगळं उतरवून त्यातून एक डेटाबेस काढून आणायचा, आणि तेवढी डिस्क कुठेतरी मोकळी हवी.

स्क्रिप्टमध्ये नाव घातल्यावर पहिला डंप दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहा. पीजी_डंपमध्ये रोल नसतात, ते पीजी_डंपऑलच्या ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने वेगळे घ्यावे लागतात. ते घेतले नसतील तर 'रोल डझ नॉट एक्झिस्ट' या ओळी तिथेच दिसतील, आणि सगळी टेबलं रिस्टोअर करणाऱ्याच्याच मालकीची झालेली असतील.