बावीत वाघरू, काठावर जत्रा

परवा पहाटे आमच्या मागच्या बावीत वाघरू पडलं. बिबट्या हो, आमच्याकडे वाघरूच म्हणतात. कुत्र्याच्या मागे धावताना पडलं असणार, कारण बावीला कठडा नाही. ती चूक आमची. तीन उन्हाळे 'यंदा चिरे आणू' चाललंय. पण त्यानंतर जे झालं त्याची चूक मी माझ्या पदरात घेणार नाही.

सासूबाई पाणी शेंदायला गेल्या आणि खालून डोळे चमकले. ओरडल्या नाहीत. घरात येऊन म्हणाल्या, "वाघरू हाय गो. दमलंय बिचारं." मी वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ ला, फोन लावला, मागच्या दाराची कडी घातली, पोरांना माजघरात बसवलं. बस. एवढंच करायचं असतं. आणि तेवढ्यात आमच्या धाकट्या भावजींनी वाडीच्या ग्रुपवर फोटो टाकला.

अर्ध्या तासात काठावर दीडशे माणूस! एकेका बाइकवरून तिघे तिघे. खांद्यावर पोरं घेऊन आलेले बाप्ये. खाली ते जनावर मोटरच्या पाइपाला दोन्ही पंजे घालून लटकलेलं, कान मागे पाडलेले, मिशांवरून पाणी ठिबकतंय. आणि वरून एक शहाणा चिऱ्याचा तुकडा टाकतोय. का? तर "तोंड वर करील, फोटो चांगला येईल."

वनखात्याची माणसं आली. त्यांनी आधी चार दोरांना बाजलं बांधून खाली सोडलं, जनावराला टेकायला. मग पिंजरा. मधला पाऊण तास नुसता "मागे सरा, मागे सरा" करण्यात गेला. दोर ओढायला या म्हटल्यावर दीडशेतले चौघे पुढे आले. बाकीच्यांचे हात मोबाइलात गुंतलेले ना!

अहो, घाबरायचं की नाही ते तरी एकदा ठरवा! एरवी संध्याकाळी सातनंतर मागच्या दारी जायला भीती वाटते म्हणून ग्रामसभेत आरडाओरडा करणारे हेच, आणि बिनकठड्याच्या बावीवर ओणवं होऊन बघणारेही हेच. पिंजऱ्याचं दार नीट लागलं नसतं आणि ते उसळून वर आलं असतं, तर त्याला पळायला वाट कुठे ठेवली होती तुम्ही? चारी बाजूंनी माणसांची भिंत. ते ज्याच्या अंगावरून गेलं असतं त्याच्या नावाने दुसऱ्या दिवशी 'नरभक्षक बिबट्या' म्हणून बोंब झाली असती.

पिंजरा गाडीत चढला तशी नवी मागणी. "लांब न्या आणि सोडा." मुंबईच्या चाकरमान्यांचीही ग्रुपवर तीच री. हे जुन्नरकडे करून झालंय की! २००१ नंतर तिथले बिबटे धरून दुसरीकडच्या जंगलात सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेलेले दिसले. अनोळखी मुलखात नेऊन टाकलेलं जनावर बिथरतं, आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरं येऊन धरतं. त्याला इथे कोण बोलावतंय ते मात्र कुणी बघायचं नाही. वळणावरच्या चिकनच्या दुकानाची आतडी-पिसं रोज रात्री व्हाळाच्या कडेला पडतात. त्यावर कुत्री, कुत्र्यांवर वाघरू. दुकानदाराला बोलायची कुणाची छाती नाही, कारण उधारी!

बिबट्या समोर आला तर पळू नका, पाठ दाखवू नका, खाली वाकू नका. पोर कडेवर घ्या, ताठ उभे राहा, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरका. रात्री एकटं चालताना बॅटरी लावा, मोबाइलवर गाणी लावा. शेळ्या बंद गोठ्यात घ्या. ग्रुपवर हे मी तीनदा लिहिलं. दोघांनी अंगठा दाखवला. अंगठाच तो, दुसरं काय दाखवणार! त्याच रात्री एकाने 'आपल्या स्टँडवर वाघ' म्हणून व्हिडिओ टाकला. बघते तर त्याच्या अंगावरच्या कड्यांच्या आत आणखी ठिपके. जग्वार तो! दक्षिण अमेरिकेतला! आमच्या स्टँडवर मुंबईची गाडी वेळेवर येत नाही, आणि हा म्हणे तिकडून आला. त्याला मात्र ऐंशी जणांचे 'बापरे'.

आज गडी लावून चिरे उतरवून घेतले. कठड्याचं काम सुरू आहे म्हणून मी ग्रुपवर फोटो टाकला. पहिलाच मेसेज आला तो भावजींच्या मित्राचा: "वहिनी, बांधताय कशाला? मी त्या दिवशी गावात नव्हतो, माझं बघायचं राहिलंय."