गुरू हवा तर असा हवा

ऑनलाइन धंदा करायचं पक्कं झालं ना? मग माल, पॅकिंग, कुरिअर, हिशेब असल्या किरकोळ गोष्टींत जीव अडकवू नका. आधी गुरू करा. निवडताना कसोटी एकच लावा: या माणसानं स्वतः काय विकलं, हे कुठूनही कळता कामा नये. शेंगाचटणी विकून चार पैसे मिळवलेला माणूस दाण्याचे भाव काढतो, वाटेत फुटलेल्या पाकिटांचं बोलतो, ऐकणाऱ्याचा उत्साह मारतो. ज्याचा आजवर खपलेला माल म्हणजे 'ऑनलाइन माल कसा खपवावा' हा कोर्स, त्याचेच पाय धरावेत.

असा गुरू ९९ रुपयांत भेटतो. रविवारी सकाळी वेबिनार असतो, तीन तास चालतो. पहिले दोन तास गुरुजींच्या गरिबीचे. शेवटच्या तासात १,४७,००० रुपयांचं ज्ञान फक्त आज, फक्त तुमच्यासाठी, ४,९९९ ला. सातच जागा उरलेल्या असतात. झूमवर जागा कशा संपतात, हे विचारू नये. कोपऱ्यात पंधरा मिनिटांचं घड्याळ उलटं धावत असतं, तेव्हा तेच पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे जिथे तुमची आधीची भेट त्या पानाला आठवत नाही तिथे, उघडून पाहण्याचा नतद्रष्टपणा करू नका. तिथे ते पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू होतं आणि श्रद्धेला तडा जातो. पुढच्या रविवारी तोच वेबिनार पुन्हा बघू नका. मागच्या वेळी ज्या मिनिटाला 'सर, मी आत्ताच फी भरली' असा मेसेज पडला होता, त्याच मिनिटाला तो पुन्हा पडेल.

मग पुरावे येतात. कमाईचा स्क्रीनशॉट हा आपल्या क्षेत्रातला सातबारा समजावा. संगणकावर कुठलंही पान उघडून आकड्यावर उजवं क्लिक केलं, 'इन्स्पेक्ट' निवडलं, की तो आकडा हवा तसा बदलता येतो. त्याला हॅकर लागत नाही, शाळेतलं पोर पुरतं. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा परत येतो. म्हणून 'सर, एकदा रिफ्रेश करून दाखवता का?' असं भर सभेत विचारणं असंस्कृतपणाचं आहे.

आणि समजा, आकडा खरा निघाला. तरी तो विक्रीचा असतो, नफ्याचा नव्हे. शॉपिफाय, म्हणजे ऑनलाइन दुकान मांडून देणारी सेवा, तिच्या विक्री दाखवणाऱ्या चढत्या रेघेत कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीही धरलेल्या असतात, म्हणजे ज्यांचा एक रुपयाही अजून कुणी दिलेला नाही. उदाहरण म्हणून अर्धा किलो शेंगाचटणीचं पाकीट घ्या, किंमत ३४९. शंभर ऑर्डरी आल्या. पडद्यावर ३४,९०० झळकले. स्क्रीनशॉट काढायचा तो याच क्षणी. कारण नंतर शंभरातली तीस पार्सलं परत येतात: पत्ता नुसता 'मारुती मंदिराजवळ' असतो, नाहीतर रात्री बारा वाजता हौसेनं ऑर्डर केलेली असते आणि दारात माणूस उभा राहिल्यावर घरात सुटे पैसे नसतात. हाती आले सत्तर पाकिटांचे २४,४३०. आता खर्च. पाकिटामागे १४० धरले तर मालाचे ९,८००. पॅकिंग २० रुपयांप्रमाणे २,०००. जातानाचं कुरिअर ७० प्रमाणे ७,०००, परतीच्या तीस पार्सलांचं ६० प्रमाणे १,८००. जाहिरातीला ऑर्डरमागे १०० रुपये, म्हणजे १०,०००. बेरीज ३०,६००. तोटा ६,१७०. परत आलेली पाकिटं धड आहेत असं मानलंय आणि जीएसटी अजून धरलेला नाही. गुरुजींच्या भाषेत याला 'स्केल करायची वेळ आली' म्हणतात. म्हणजे जाहिरातीचं बजेट दुप्पट करायचं.

कुरिअरचे ते ७० रुपयेही भाबडेपणाचे आहेत. कुरिअरवाला खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतो, ५,००० नं भागतो, आणि येणारं वजन व प्रत्यक्ष वजन यांतलं जास्त असेल त्याचे पैसे लावतो. दिसायला छान म्हणून ३० बाय २० बाय १५ चं खोकं घेतलं की अर्धा किलो चटणी कागदोपत्री १.८ किलोची होते. चांगला गुरू हा भागाकार कधीच शिकवत नाही. तो मानसिकता शिकवतो.

अभ्यासक्रम शक्यतो अमेरिकेतून उचललेला असावा. 'अलीएक्सप्रेसवरून', म्हणजे चिनी मालाच्या ऑनलाइन बाजारातून, 'माल निवडा' हा धडा त्यात हवाच. सरकारनं नोव्हेंबर २०२० मध्ये ते ॲप बंद केलं, ही बाब गौण. मग 'शॉपिफाय पेमेंट्स चालू करा', ही ग्राहकाकडून पैसे घेण्याची शॉपिफायची स्वतःची सोय, जी भारतात मिळत नाही. मग 'पेपालनं पैसे घ्या'; पेपालनं भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सोय एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. सोलापूरची चटणी बेळगावला पाठवली की राज्याची हद्द ओलांडल्यामुळे पहिल्याच पाकिटापासून जीएसटी नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. हे मात्र त्या व्हिडिओत नसतं, कारण टेक्सासमध्ये बेळगाव नाही. खाण्याचा माल म्हणजे एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, पाकिटावर निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, तक्रारीसाठी फोन. यावर गुरुजींचं ठरलेलं उत्तर: 'आधी ब्रँड उभा करा, कागदपत्रं होत राहतात.'

फी भरल्यावर पक्कं बिल मागू नका. बिल आलं तर त्यावर जीएसटी क्रमांक येईल, तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर, कधीची, विवरणपत्रं भरली जातात का, सगळं फुकटात दिसेल. सेवा विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या वर गेलं की नोंदणी सक्तीची आहे. आता जो माणूस महिन्याला ५० लाख कमावतो म्हणतो आणि ज्याच्याकडे हा क्रमांकच नाही, तो एकतर ५० लाख कमावत नाही, नाहीतर कर बुडवतो. दोन्ही शक्यता गुरुपदाला शोभत नाहीत, म्हणून तपासूच नये.

मोठ्या कोर्सला, म्हणजे लाख-दीड लाखाच्या 'इनर सर्कल'ला, हप्त्यांची सोय असते. तिला हप्ता म्हणतात, पण अनेकदा ते तुमच्या नावावर एखाद्या वित्तकंपनीचं कर्ज असतं. गुरुजींना पूर्ण रक्कम त्याच आठवड्यात पोचते. कोर्स सोडला तरी हप्ते सुटत नाहीत, आणि चुकवले तर सिबिल स्कोअर, म्हणजे बँका बघतात तो पतीचा आकडा, पडतो. 'शंभर टक्के पैसे परत' ही हमी असतेच. अट एवढीच की सगळे धडे पूर्ण करून सात दिवसांत अर्ज करायचा. आणि धडे उघडतात आठवड्याला एक. जोडीला उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, करून देण्याचे १,९९९ वेगळे. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, पण फुकटच्या गोष्टीला किंमत नसते म्हणून गुरुजी ती लावून देतात.

काही लोकांपासून कटाक्षानं दूर राहा. पहिला, तालुक्याच्या गावातला कुरिअरच्या शाखेतला माणूस. कुठल्या पिन कोडवरून पार्सलं परत येतात हे त्याला तोंडपाठ असतं. तो म्हणेल, माल निघण्याआधी फोन करून पत्ता पक्का करा, ५० रुपये आगाऊ घ्या. ऐकलंत तर शंभराच्या साठच ऑर्डरी उरतील आणि तुमचा स्क्रीनशॉट कायमचा बिघडेल. दुसऱ्या, भीमथडी जत्रेत किंवा महालक्ष्मी सरसला स्टॉल लावणाऱ्या बचत गटाच्या ताई. पापडाच्या किलोमागे किती सुटतात हे त्या बोटांवर सांगतात. पण त्यांच्यामागे ना एलईडी पडदा, ना संगीत. तिसरं, बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. शिकवणं मोफत, राहणं मोफत, जेवण मोफत. जिथे टाळ्या वाजवायला कुणी सांगत नाही तिथे ज्ञान कसलं मिळणार? सीएकडे तर जाऊच नका. तो पहिल्याच भेटीत वही मागतो.

सहा महिन्यांनी माल पडून, जाहिरातीचे पैसे गेलेले, अशा अवस्थेत तुम्ही आलात की गुरुजी गाभाऱ्यात घेतात. चटणी सोडा, कोर्सच विका. प्रत्येक नव्या शिष्यामागे अर्धी फी तुमची, आणि त्यानं आणलेल्यामागेही थोडी. मावशीपासून सुरुवात करा, मग जुन्या शाळेचा ग्रुप. माणसं जोडण्याबद्दल पैसे देणाऱ्या अशा साखळ्यांना बंदी घालणारा कायदा १९७८ सालचा आहे. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं, म्हणून तो आपल्याला लागू नाही, असं गुरुजी सांगतील. वकील वेगळं सांगेल, पण त्याची फी हप्त्यानं भरता येत नाही.