‘नुसती हवा काढली असती तर भागलं असतं’ या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार,

तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल माफी मागतो. गाडी अडकली की कामं खोळंबतात, हे आम्हाला कळतं. पण एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, की क्लच पेडल मऊ झालं होतं, आम्ही नुसतं बघायचे पैसे घेतले, गाडी रात्रभर ठेवली आणि शेवटी गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. दुसऱ्याने मात्र अर्ध्या तासात हवा काढून पेडल ठीक करून दिलं. हे वाचून कुणालाही वाटेल, की आम्ही लोकांना लुबाडायला बसलोय. म्हणून थोडं सविस्तर लिहावं लागतंय.

क्लचच्या ऑईलमध्ये शिरलेली हवा आम्हीही काढली होती, तीही सगळ्यांत आधी. बिलात डॉट ४ ब्रेक ऑईलची बाटली दिसते ती त्याचीच, क्लचमध्येही हेच ऑईल असतं. संध्याकाळी पेडल तुम्ही स्वतः दाबून बघितलंत, छान कडक होतं. ते कडक करणं अवघड नव्हतंच. हवा आत शिरली कुठून, हे शोधायचं होतं. जिथून ऑईल गळतं तिथूनच पेडल सोडताना हवा आत ओढली जाते, आणि ती जागा सापडली नाही तर पेडल पुन्हा बसणार.

पेडलच्या वर, पुशरॉडपाशी (पेडलला जोडलेल्या दांडीपाशी) कोरडं होतं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडर केबिनमध्ये गळत नव्हता. पण त्याचं सील आतल्या आतही ऑईल सोडू शकतं आणि तेव्हा बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून गिअरबॉक्सकडे जाणारा रबरी पाईप क्लॅम्पने बंद करून पेडल दाबून धरलं. ते वरच्या वर अडलं, हळूहळू खाली गेलं नाही. मास्टर ठीक. खरं सांगायचं तर मास्टरच बदलून देणं आम्हाला सोपं होतं: काम वरच्या वर झालं असतं, तुम्हीही खूश होऊन गेला असता, आणि दोष तसाच राहिला असता.

क्लॅम्प काढल्यावर राहिला स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे त्या ऑईलच्या दाबाने क्लच सोडवणारा दुसरा सिलिंडर. तो बाहेर असता तर रबरी बूट मागे सारून लगेच कळलं असतं. तुमच्या गाडीत तो बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या कवचाच्या) आत, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टभोवती बसतो. बाहेरून दिसत नाही, हात पोचत नाही. मग उरतो तो ब्रेक ऑईलच्या टाकीतल्या पातळीचा पुरावा, आणि इथेच घोळ झाला. तुम्ही गाडी आणण्याआधी टाकी मॅक्सच्या खुणेपर्यंत भरून आणलीत आणि विचारल्यावर "ऑईल कधीच कमी झालं नाही" म्हणालात. झाकणाखालचा ताजा ओघळ आम्हाला दिसत होता, पण ग्राहकाला खोटं पाडायचं नसतं. म्हणून टाकीवर मार्करने रेघ मारली, पेडल बराच वेळ मारलं आणि गाडी रात्रभर उभी ठेवली. बारीक गळती अर्ध्या तासात दिसत नाही हो!

सकाळी पातळी रेघेच्या खाली होती, पेडल पुन्हा मऊ होतं आणि बेल हाऊसिंगच्या तळाला ओल होती. ओल्या फडक्याने पुसल्यावर ती पाण्यात मिसळून गेली, म्हणजे ब्रेक ऑईल. इंजिन ऑईल असतं तर तेलकट डाग राहिला असता. त्यानंतरच गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं.

"आधी क्लच प्लेट चांगली म्हणाले, मग गिअरबॉक्स उतरवा म्हणाले" हेही तुम्ही लिहिलंय. दोन्ही खरं आहे. झिजलेल्या प्लेटने क्लच स्लिप होतो, पेडल असं मऊ पडत नाही. गिअरबॉक्स उतरवायचा तो सिलिंडरसाठी. मात्र तो खाली असताना प्लेट बघावीच लागते, कारण तिला ऑईल लागलं असेल तर गाडी जागेवरून पुढे घेताना थरथरते किंवा स्लिप होते, आणि मग तेवढ्यासाठी पुन्हा मजुरी.

यापुढे गाडी का ठेवून घेतोय हे आधीच नीट सांगत जाऊ.

आत्ता पेडल चांगलं लागत असलं तरी टाकी बघत राहा. ब्रेक आणि क्लचची टाकी एकच आहे. क्लचची नळी वरच्या अंगाला असल्यामुळे आधी क्लच जातो आणि ब्रेकसाठी खाली थोडं ऑईल राहतं, पण त्या भरवशावर गाडी चालवू नका. पेडल दोन-तीनदा मारल्यावरच गिअर पडायला लागला किंवा रिव्हर्स टाकताना खरखर झाली, तर पुन्हा हवा काढून घेण्यात अर्थ नाही. काम कुणाकडेही करा, पण काढलेला सिलिंडर मागून घ्या आणि सीलच्या कडेला ओला काळा गाळ आहे का ते बघा. त्यानंतर तारे बदलावेसे वाटले तर बदला, नाहीतर राहू द्या.